उपाशी पोटी घेऊ नये

ईस्टर झाल्यावर आमच्या फादरांचा फोन आला. चर्चच्या पत्रिकेसाठी साक्ष लिहून द्या म्हणाले. उपवासकाळात, आजारपणात, देवाने तुम्हाला कसं सांभाळलं ते लिहा, दीड पान पुरे. मी लिहून दिलं. ते वाचून म्हणाले, "मार्थाबाई, चांगलं लिहिलंय, पण शेवट जरा आशेचा करता येईल का?"

मी कागद परत मागून घेतला. जे त्या दीड पानात बसत नव्हतं ते इथे लिहिते आहे. मला झाला तसा टीबी झालेलं कुणी हे वाचत असेल, तर त्याला एवढंच सांगायचंय की या आजारात राग येतो. माणसांचा येतो, देवाचा येतो आणि उशिराने का होईना, स्वतःचाही येतो. तो आला म्हणून आपण वाईट ठरत नाही.

मी नर्स आहे. राहते आसनगावला. मुरबाडच्या बाजूला सिद्धगडाच्या डोंगराखाली सिस्टर लोकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मभगिनींचा एक छोटा दवाखाना आहे, तिथे एकोणीस वर्षं काम करते. नवरा जोसेफ कल्याणला कारखान्यात आहे. मुलगी अनू तेव्हा दहावीला होती.

*

नाताळपासून खोकला होता. रस्त्याचं काम चाललंय, धूळ आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते. ब्लाऊज सैल व्हायला लागले तेव्हा तर मी खूश झाले. दुसऱ्या कुणाचा तीन आठवड्यांचा खोकला मी कधी चालवून घेतला नसता. शेवटी सिस्टर लिलींनी थुंकीची डबी माझ्या हातात दिली आणि समोर उभ्या राहिल्या. या सिस्टर लिली म्हणजे आमच्या दवाखान्याच्या प्रमुख, बोलायला कमी आणि हट्टाला जास्त.

रिपोर्ट मिळाला तो राखेचा बुधवार होता. या दिवशी आमचा उपवासकाळ सुरू होतो, तो रविवार सोडून चाळीस दिवस चालतो आणि ईस्टरला संपतो. सकाळी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला गेले. माती आहेस आणि मातीला मिळशील, असं म्हणून फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला. तिथून तशीच शहापूरला गेले. लॅबमधले सावंत माझ्या ओळखीचे. माझ्याच पेशंटांच्या डब्या मी इतकी वर्षं त्यांच्याकडे पाठवत आले आहे.

"नर्सबाई, मी दोनदा लावला," ते म्हणाले. "मला वाटलं, पेशंटच्या डबीवर चुकून तुमचं नाव पडलं."

"मग?"

"तुमचंच आहे. आणि साधा टीबी नाहीये. नेहमीच्या गोळ्यांना दाद देणारा नाहीये."

हे बोलता बोलता त्यांनी पायाने स्वतःची खुर्ची हळूच मागे सरकवली. त्यांना ते कळलंही नसेल. मला कळलं, कारण पेशंट समोर खोकला की मीही तशीच सरकते. मग ते म्हणाले, "कपाळ पुसा, काहीतरी काळं लागलंय." मी पदराने राख पुसून टाकली. दर वर्षी ती राख मी संध्याकाळपर्यंत पुसत नसे. लोकांनी बघावी म्हणून मुद्दाम बाजारातून फिरून येत असे.

*

जोसेफला सांगितलं. तो म्हणाला, "अनूचा परवा मराठीचा पेपर आहे."

"मला काय झालंय ते ऐकलंस का?"

"ऐकलं गं. पण परवा पेपर आहे."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. मास्क लावायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, औषध नीट चालू झालं की काही आठवड्यांत लागण होण्याची भीती खूप कमी होते. एकोणीस वर्षं हेच वाडीवाडीत सांगत आले होते, त्यामुळे शब्द पाठ होते.

जोसेफ म्हणाला, "लोकांना सांगतेस ते ठीक आहे. ही आपली पोर आहे."

अनूला मी आयुष्यात एकदाही दवाखान्याच्या ओट्यावर पाय ठेवू दिला नव्हता. माझ्याच सांगण्यावर माझा विश्वास नव्हता, हे मला त्या दिवशी माझ्याच स्वयंपाकघरात कळलं.

अनू दाराशी उभी राहून ऐकत होती. आत आली नाही. "मम्मी, माझा एक्सरे काढतील का?" एवढंच तिने विचारलं. तिचा एक्सरे काढला, जोसेफचाही काढला, दोघांचे चांगले आले. तोवर जोसेफच्या म्हणण्यावरून मी पिशवी भरली होती. सिस्टर लिलींनी दवाखान्यामागची खोली रिकामी करून दिली. तिच्यात मच्छरदाण्यांचे गठ्ठे ठेवलेले असायचे. खिडकीतून सिद्धगड समोर दिसायचा, फेब्रुवारीतला, वाळलेल्या गवताचा. येशू चाळीस दिवस रानात राहिला असं आम्ही या काळात वाचतो. मला ते रान आवडेनासं झालं. तो स्वतःहून गेला होता, मला पाठवलं होतं.

*

गोळ्यांबद्दल फार लिहीत नाही, ते डॉक्टर सांगतील. तोंडाला लोखंडाची चव यायची. तळपाय जळायचे, नंतर बधिर व्हायला लागले. गोळ्या गिळल्यावर पाऊण तास जे पोटात ढवळायचं ते कुणी बघू नये असं वाटायचं.

ते बघायला काशी होती. ती जवळच्या वाडीतली, दवाखान्यात झाडलोट करते. सिस्टरांनी तिला माझं जेवण आणून द्यायचं काम सांगितलं होतं. तिचा नवरा बाळू माझा पेशंट होता. त्यालाही टीबीच होता. त्याने गोळ्या अर्ध्यावर सोडल्या आणि मागच्या पावसाळ्यात तो गेला. मी तीनदा त्याच्या घरी गेले होते. तिन्ही वेळा तो मला बघून मागच्या दाराने रानात पळाला. मी काशीला ओरडून परत आले होते.

ती ताट उंबऱ्याशी ठेवून जात नसे. आत येऊन माझ्यापुढे ठेवायची आणि भिंतीला टेकून बसायची.

"तू लांब बस," मी म्हणायचे.

"कशाला? माझ्या घरात दोन वरसं होता तो. मला नाय झाला, तर तुझा काय होतो."

माया वगैरे काही नव्हतं तिच्या बोलण्यात. दिलेलं काम ती करत होती.

*

आमच्याकडे उपवासकाळात दर शुक्रवारी एकेका घरी क्रुसाची वाट होते, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या चौदा ठिकाणांची प्रार्थना. तिसरा शुक्रवार आमच्या घरी होता. मी नसले तरी जोसेफ आहे, घर आहे, म्हणून आदल्या दिवशी मी त्याला फोनवर मेणबत्त्या कुठे आहेत ते सांगत होते. त्याच दुपारी चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नवी यादी आली. आमचं नाव गाळलं होतं. त्या जागी ग्रेसीचं घर. ग्रेसी आमच्या महिला मंडळाची प्रमुख, माझी पंधरा वर्षांची मैत्रीण. यादीखाली तिने हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

मी फादरांना फोन लावला.

ते म्हणाले, "लोक घाबरलेत, बाई. समजून घ्या. तुमच्या घरी लहान मुलं येणार, म्हातारी माणसं येणार."

"मी त्या घरात नाहीये, फादर. दोन आठवडे झाले."

"मला कळतं. पण आता हाच तुमचा क्रूस आहे असं समजा. तुमचं दुःख प्रभूच्या दुःखाला जोडा."

ही वाक्यं मी स्वतः कितीतरी खाटांशेजारी उभी राहून बोलले आहे. ऐकणाऱ्याला ती कशी लागतात हे मला ठाऊक नव्हतं. दार लावून घेतल्यासारखी लागतात. मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, म्हणजे कम्युनियन, मला दोन आठवडे मिळालं नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही येऊन मला कम्युनियन द्याल का?" ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात नक्की येतो. तो आठवडा गेला, त्याच्या पुढचाही गेला.

त्या दिवसांत मी प्रार्थना सोडली नाही, पण प्रार्थनेत शिव्या यायला लागल्या. ग्रेसीचं नाव घेऊन, जोसेफचं घेऊन, आणि मग सरळ देवाला. आधी घाबरले. मग लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी त्याच्याशी पहिल्यांदाच खरं बोलते आहे. आधीच्या प्रार्थना साहेबाला लिहिलेल्या अर्जासारख्या असायच्या.

*

आता उपासाचं सांगते. मी फार कडक उपास करणारी बाई होते. चाळीस दिवस मटण-मासळी बंद, शुक्रवारी एकच वेळ जेवण. ग्रेसीच्या घरी शुक्रवारी सुकटीचा वास आला होता, तर ते मी चार जणींना सांगितलं होतं. आजाऱ्याला चर्चने उपासातून सूट दिलेली आहे. डॉक्टरांनी रोज दोन अंडी सांगितली होती, सिस्टर लिलींनी बजावलं होतं. पण फोनवरच्या त्या यादीनंतर माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. मला वगळतात काय, उपास तर मी यांच्यापेक्षा कडक करून दाखवीन. त्या शुक्रवारी मी काशीने आणलेली अंडी परत केली, भातही परत केला, आणि गोळ्या घेतल्या.

दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं. गोळ्या, पाणी, मग नुसतं पिवळं. काशीने डोकं धरलं, पुसलं, राख टाकून जमीन साफ केली.

"का नाय खाल्लास?" ती म्हणाली.

"आमचा उपास असतो आज."

"तुझा देव सांगतो उपाशी गोली खा नि मर?"

ती परत भिंतीला टेकून बसली. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "बाळूचा असाच व्हायचा."

"असंच म्हणजे?"

"घरात नव्हता काय. पावसाचं दिवस, काम नाय. सकाली काली चाय नि तुझ्या गोल्या. मग ओकायचा, दिवसभर पडून राहायचा. म्हणायचा, गोलीनंच मरन मी. तू आलीस का पलायचा. लाज वाटायची त्याला. तुला काय सांगंल, जेवाया नाय म्हणून?"

मी त्यांच्या घरी तीनदा गेले होते. त्याने गोळ्या घेतल्या का, हे तिन्ही वेळा विचारलं होतं. काय खाल्लं, हे एकदाही विचारलं नव्हतं. गोळ्यांच्या पाकिटासोबत मी प्रत्येकाला ठरलेलं वाक्य ऐकवत असे, उपाशी पोटी घेऊ नये. ऐकवून पुढच्या घरी जात असे.

"तू वहीत काय लिवलंस त्याचा?" काशीने विचारलं. "लिवत होतीस तू. मी बघितला."

मला खोटं बोलता आलं असतं. तिला वाचता येत नाही. मी चादर सारून सरळ बसले. मग सांगितलं. "लिहिलं की पेशंट ऐकत नाही. सहकार्य करत नाही. आणि त्याचं नाव बंद केलं."

तिने माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ताट उचललं आणि गेली.

तीन दिवस ती आली नाही. जेवण सिस्टर लिलींनी आणलं. तेव्हापासून दोन्ही वेळेला मी पोटभर जेवले, अंडी खाल्ली, शुक्रवार असो की रविवार. कितीतरी वर्षं उपास करून मला जे कळलं नव्हतं ते त्या जेवणात कळलं. उपाशी राहायचं की नाही हे ठरवायची मला सोय होती. त्यावर मी देवाकडे श्रेय मागत आले होते.

चौथ्या दिवशी काशी आली. ताट पुढ्यात ठेवलं, भिंतीला टेकून बसली.

*

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी फादर आले. तोंडाला मास्क, खोलीत न येता अंगणात उभे. वयाने लहान आहेत, तिशीतले. कम्युनियन त्यांनी हात पूर्ण लांब करून दिलं. म्हणजे घाबरलेले होते आणि तरी आले होते. त्यातल्या कशाला जास्त मोल द्यावं हे मी अजून ठरवलेलं नाही.

आधी मी पापनिवेदन केलं. दर वर्षी करते, तीच तीच पापं सांगते, राग आला, प्रार्थना चुकली. या वेळी बाळूचं सांगितलं.

फादर म्हणाले, "तुम्ही तुमचं काम केलंत, बाई. स्वतःला एवढा दोष देऊ नका." आणि प्रायश्चित्त म्हणून नमो मरियाच्या तीन प्रार्थना म्हणायला सांगितल्या.

मी त्या म्हटल्या. दोन मिनिटंही लागली नाहीत. एका माणसाच्या मरणाला दोन मिनिटं, हा हिशेब मला पटला नाही.

गुड फ्रायडेला सगळे चर्चमध्ये होते. दवाखाना बंद. मी सिस्टर लिलींकडून किल्ली मागितली आणि कपाटातून मागच्या वर्षीची उपचारांची वही काढली. बाळूचं पान सापडलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे नावाजतात. त्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ऐकत नाही. मी ते खोडलं नाही. त्याखाली लिहिलं, घरात अन्न नव्हतं, उपाशी पोटी गोळ्या सोसल्या नाहीत, ही चौकशी मी केली नाही. खाली सही केली.

काशी अंगण झाडत होती. तिला बोलावून वाचून दाखवलं.

"आता काय होयल?" तिने विचारलं.

"काही नाही होणार. वही कपाटात जाईल."

"मग लिवलास कशाला?"

"खोटं लिहिलं होतं म्हणून."

ती त्या पानावर वाकली. "नाव कुठं हाय त्याचा?" मी बोट ठेवून दाखवलं. तिनेही त्यावर बोट ठेवलं, मग काढलं आणि झाडू घेऊन गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नाही. मागितली असती तर तिला आणखी एक काम सांगितल्यासारखं झालं असतं.

*

ईस्टरच्या रविवारी जोसेफ आणि अनू मला भेटायला आले. अनूची परीक्षा कधीच संपली होती, तरी इतके दिवस कुणी आलं नव्हतं. जोसेफने केक आणला होता. तो अंगणात सिस्टरांशी बोलत राहिला, अनू आत आली आणि खिडकीपाशी बसली.

"पेपर चांगले गेले," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत, "मम्मी, खरं सांगू? तू इथे आलीस ते मला बरं वाटलं. घरी असतीस तर मला सारखी भीती वाटली असती. मला त्याचं फार वाईट वाटतं."

मला ते टोचलं. पण त्या दीड महिन्यात माझ्याशी खरं बोलणाऱ्या दोघीच निघाल्या, काशी आणि ही. मी म्हटलं, "सांगितलंस ते बरं केलंस." तिने मास्क लावला नव्हता. माझा होता. ती उठून माझ्या शेजारी खाटेवर येऊन बसली आणि आम्ही केक खाल्ला, मी मास्क खाली करून, खिडकीकडे तोंड वळवून.

एप्रिलच्या शेवटी तपासणी चांगली आली आणि मी घरी गेले. पहिल्या रविवारी चर्चबाहेर ग्रेसीने मला मिठी मारली. "आम्ही रोज तुझ्यासाठी प्रार्थना करत होतो गं."

"माझ्या घरी करायची होती, ग्रेसी," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं नाही. तिला माफ करायला हवं हे मला माहीत आहे. ते अजून झालेलं नाही, आणि झालंय असं सांगत फिरण्याची माझी इच्छा नाही. जोसेफच्या बाबतीतही तसंच आहे. आम्ही नीट राहतो, तो माझ्या गोळ्यांची वेळ सांभाळतो. पण माझी पिशवी दाराबाहेर ठेवताना त्याने ती किती पटकन उचलली होती, ते मी विसरलेले नाही.

*

मे महिन्यात पुन्हा थोडं काम सुरू केलं. एका सकाळी काशी दवाखान्यात आली आणि म्हणाली, "बाई, माझा दीर हाय ना, सोमा. त्याला निघाला टीबी. चार दिस झालं, गोली घेत नाय. तू ये."

"मला बघून पळेल तो."

"पलंल. तू वही नको आणू. तुझ्या गोल्या घेऊन ये."

मी तिच्याबरोबर वाडीवर गेले. तळपाय बधिर, त्यामुळे चढावर तीनदा बसावं लागलं. काशी दर वेळी थांबली, हात दिला नाही. सोमा ओट्यावर होता. मला बघून उठला. काशी म्हणाली, "बस रे. जेवाया आलीय ती."

काशीने नाचणीची भाकर आणि सुकटीची चटणी वाढली, त्याला आणि मला. आम्ही खाल्लं. मी त्याला गोळ्यांचं काही विचारलं नाही, चुलीवर काय शिजतं, डाळ किती दिवस पुरेल, हे विचारलं. मग माझ्या गोळ्या काढल्या आणि त्याच्यासमोर एकेक गिळल्या. त्याने विचारलं, "तुला पण ओकारी येते?"

"येते. उपाशी घेतली तर जास्त येते. पाऊण तास बसते इथे, बघ."

पाऊण तास आम्ही बसलो. दोनदा मळमळून तोंडात पाणी आलं, मी खांब धरून बसले, पण ओकले नाही. सोमा बघत होता. शेवटी त्याने घरातून आपलं पाकीट आणलं, दोन गोळ्या हातावर घेतल्या, बराच वेळ घोळवल्या आणि घेतल्या. उद्या घेईल का ते मला माहीत नव्हतं. उद्याही येते, एवढं मी त्याला सांगितलं.

उतरताना काशी पुढे चालत होती. पायवाटेच्या वळणावर ती थांबली, पण मागे वळली नाही.

"बाळूपाशी बसली असतीस अशी," ती म्हणाली.

मी "हो" म्हटलं. आम्ही खाली उतरलो.